सराफ्याला जाताय? चिल्लर खिशातच राहू द्या

डिसेंबरात इंदूरला आत्याकडे लोकमान्य नगरात मुक्काम होता. राजवाडा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, छप्पन दुकान यांच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहितोय ते फुटपाथवरच्या माणसांबद्दल, कारण पाहुण्यांची गडबड होते ती तिथे.

पहिल्याच दिवशी देवळाबाहेर एका आजींसाठी पाकीट काढलं तर आत्याने हातच धरला. "ठेव ते. नाही तर पोलिसात चकरा मारशील!" थट्टा नव्हती. 1 जानेवारी 2025 पासून इथे भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवायचं प्रशासनाने ठरवलं आणि त्याच महिन्यात दहा रुपये देणाऱ्यावर तो दाखलही झाला. असे आदेश ठरावीक मुदतीचे असतात, तेव्हा तुम्ही जाल तेव्हा काय चालू आहे ते मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या.

मला स्वतःला हा नियम अर्धाच पटतो. सिग्नलवर पोराच्या हाती पैसे ठेवले की त्याचा सिग्नल सुटत नाही, हे खरं. पण स्वच्छतेत सलग पहिल्या आलेल्या या शहराने जानेवारी 2021 मध्ये काय केलं तेही लोकांना आठवतं. बेघर म्हाताऱ्यांना पालिकेच्या गाडीत घालून शहराबाहेर शिप्रा गावाजवळ नेऊन सोडलं, ऐन थंडीत. गावकऱ्यांनी अडवून व्हिडिओ काढले तेव्हा कुठे त्यांना परत गाडीत चढवलं. उपायुक्त निलंबित झाले.

रात्री सराफा. सोन्याची दुकानं मिटली की त्यांच्याच ओटल्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात. थंडीत गराडू, म्हणजे तळलेला कंद, सोडू नका, वर जिरावण मसाला जास्त मागा. आम्ही उशिरापर्यंत रेंगाळलो. भुट्ट्याच्या किसाच्या गाडीवर एक माणूस बादलीत ताटल्या विसळत होता, बोटं गार पाण्याने पांढरी पडलेली. गाडी आवरली तशी त्याने पुठ्ठा उलगडला आणि शेजारच्या बंद शटरपुढेच आडवा झाला. दिवसभर राबणारा माणूस, पण नऊनंतर पाहिला असता तर मी त्याला कामगार म्हटलं असतं आणि दोननंतर भिकारी. तेव्हा झोपलेल्यांचे फोटो काढू नका, रील तर नकोच. अंगावर नाणी टाकू नका.

मदत करायचीच तर थंडीत कुडकुडणाऱ्याला जवळचा रैन बसेरा, म्हणजे बेघरांसाठीचा रात्रनिवारा, कुठे आहे ते दुकानदाराला विचारून सांगा. काहीजण जायला नाही म्हणतात. सामान चोरीला जाईल, जोडीदार वेगळा पडेल ही भीती असते. ओढाताण करू नका. एकटं मूल दिसलं तर 1098, वृद्धांसाठी 14567. कोणी बेशुद्ध वा आजारी दिसलं तर सरळ 112. फुगे, पेनं विकणाऱ्या लहान मुलांकडून खरेदी टाळा. घ्यायचंच तर मोठ्या माणसाच्या गाडीवरून घ्या आणि पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका.

दान करायची इच्छा उरलीच तर खजराना गणपतीचं अन्नक्षेत्र आहे, पावती घ्या. बुधवारी तिथे तोबा गर्दी असते, दुसरा वार बघा.