खून कॅन्सल, डबा फायनल

आज दुपारभर कॅन्टीनमध्ये बसून आमच्या थ्रिलरच्या स्टोरीची चिरफाड केली. आधी सिरीयल किलर, पोलीस, पावसात पाठलाग असलं सगळं होतं, पण दहा मिनिटांच्या फिल्ममध्ये नुकतं मिसरूड फुटलेलं आमच्यातलंच पोरगं इन्स्पेक्टर म्हणून उभं केलं की लोक हसणारच ना! आता फक्त सदाशिव पेठेतली एक कॉट बेसिसची रूम, पार्टनर गावी गेलाय आणि तरी त्याचा मेसचा डबा रोज दाराबाहेर रिकामा, वर धुतलेला सापडतो. सस्पेन्स फिल्म्सचा डायरेक्टर हिचकॉक सांगायचा ना, टेबलाखालचा बॉम्ब प्रेक्षकाला आधीच दाखवा, तसं डबा कोण खातंय ते दुसऱ्याच सीनला कळणार, हिरोला मात्र नाही. रायटरसाहेब रुसलेत, त्यांना पाठलाग हवाच आहे (बाईक कोणाची, पेट्रोल कोणाचं ते विचारू नका). उद्या घरमालक काकूंना रात्रीच्या शूटिंगचं विचारायचंय, कोण येतंय सोबत?