बोडक्या मानेचं पिल्लू

शेजारच्या मावशींची करडी कोंबडी परवा पिल्लं घेऊन डालग्याबाहेर आली. श्रावणातलं ऊन पडलेलं, नुकतीच एक सर येऊन गेलेली, आणि परड्यातल्या ओल्या मातीत नऊ पिल्लं आईमागून पळत होती. त्यातल्या एकाच्या मानेवर पीस म्हणून नाही. नुसतं गुलाबी कातडं, आणि पुढच्या बाजूला लवेचा चिमूटभर झुपका. न्हाव्यानं दाढी अर्धी टाकून फोन घ्यायला जावं, तसा.

दुपारची झोप गेली ती गेलीच.

मला एक खोड आहे. पिल्लू दिसलं की ते कुणावर गेलंय हे ठरवल्याशिवाय चैन पडत नाही. बारशाला गेलो तरी पाळण्यात वाकून मी आधी कान बघतो. कोल्हापुरात ह्याला कुणी खोड म्हणत नाही. इथं अनोळखी पाहुण्याला पहिला प्रश्न 'गाव कुठलं' आणि दुसरा 'कुणापैकी'. कोंबड्यांच्या बाबतीत चौकशी सोपी, कारण खोटं कोणी सांगत नाही. म्हणजे कोंबड्या सांगत नाहीत. मावशींचं काही खरं नसतं.

"मावशी, ह्येचा बाप कोण?"

"तांबडाच की. त्याच्याबिगार दुसरा हाय कोण आता?"

तांबड्याच्या मानेवर सोनेरी पिसांचा भरगच्च शेला. करडीची मानही झाकलेली. आणि बोडकी मान हा काही दडून बसणारा गुण नव्हे. आई-बापातल्या एकाकडून आला तरी मान उघडी पडते, फक्त पुढं झुपका राहतो. दोघांकडून आला तर झुपकाही जातो. दोघांच्याही माना झाकलेल्या असताना असलं पिल्लू निघायचं नाही. झुपका आहे म्हणजे गुण एकाच बाजूनं आलाय, आणि ती बाजू करडीची नाही.

बोडक्या मानेचा कोंबडा आमच्या गल्लीत एकच होता. आषाढात त्र्यंबोली देवीची यात्रा झाली, पंचगंगेचं नवं पाणी पायऱ्यांवर ओतून झालं, 'पी ढबाक' वाजून झालं, आणि संध्याकाळी त्याचा रस्सा झाला. मीच दोन वाट्या ओरपल्या होत्या.

मेलेला कोंबडा बाप कसा होणार, असं मावशींनी विचारायच्या आत मला उत्तर ठाऊक होतं. कोंबडीच्या अंडनलिकेत बारीक बारीक नळ्या असतात, त्यात नराचं बीज दोन-दोन आठवडे जिवंत राहतं. कोंबडा आज गेला तरी आठ-दहा दिवसांनी घातलेलं अंडं त्याचं असू शकतं. त्यावर २१ दिवसांची ऊब. हिशेब चोख बसत होता, पण मावशींपुढं हे बोलायचं कसं? मी म्हटलं, "कोंबडा गेला तरी त्येचा अंश पंधरा दिवस राहतोय." मावशींनी देवघराकडं बघून हात जोडले.

बाकीच्यांचंही मग बघणं आलंच. दोन बदामी पिल्लं तर करडीची नव्हतीच. मावशींनी तिच्याखाली तांबडीचीही अंडी सरकवली होती. उरलेल्या काळ्या पिल्लांत काहींच्या डोक्यावर पांढरा ठिपका, काहींच्या नाही. करडीच्या पिसांवर आडवे पट्टे आहेत, त्यांची ही करामत. पट्ट्याचा गुण ज्या गुणसूत्रावर बसतो, ते कोंबडी फक्त मुलग्यांना देते. कोंबडा बिनपट्ट्याचा असेल तर ठिपका तेवढा नरांच्या डोक्यावर उमटतो, आणि पट्टेही पुढं त्यांनाच येतात. केंब्रिजच्या रेजिनाल्ड पनेटनं हेच पट्टे वापरून १९२९ च्या सुमारास कँबार नावाची जात तयार केली; पिल्लू अंड्यातून बाहेर येताक्षणी नर की मादी ते दिसावं म्हणून. त्याचा गुरू विल्यम बेटसन. मेंडेलचे नियम जनावरांनाही लागू पडतात हे त्यानं १९०२ मध्ये दाखवलं, ते कोंबड्यांवर, त्यांच्या तुऱ्यांचे आकार मोजून. शाळेत आम्हाला वाटाणे पाठ करायला लावले. परड्यात वाटाणे कुणाच्या होते? कोंबड्या घरोघर होत्या.

एक पिल्लू मात्र शाईत बुडवून काढलेलं. चोच, नख्या, पापण्या, पोटाचं कातडंसुद्धा काळं. डोक्यावर ठिपका नाही. ओढ्यापलीकडच्या मळ्यात कडकनाथ आहेत. मधे आमच्याकडं कडकनाथाचं मोठं वारं सुटलं होतं, पुष्कळांचे हात त्यात पोळले. वारं गेलं, कोंबडे राहिले. मूळचा तो मध्य प्रदेशातल्या झाबुआचा, २०१८ पासून भौगोलिक मानांकनवाला, पण ओढा ओलांडताना मानांकन कोण बघतो. त्याचं काळं कातडं पुढच्या पिढीत सहज उतरतं. मात्र पिवळ्या पायांच्या कोंबडीकडं ते काळेपण दाबून टाकणारा एक गुण बहुधा असतो, आणि तोही ती मुलग्यांनाच देते. म्हणून अशा जोडीचे नर उजळ निघतात आणि माद्या बापासारख्या काळ्या. म्हणजे ही बाई. मी मावशींना सांगितलं, ही तलंग होणार, विकू नका.

"एका खेपंला तीन नवरं?" मावशी म्हणाल्या, आणि करडीकडं त्यांनी असं बघितलं की ती बिचारी डालग्यामागं गेली.

संध्याकाळी दारात कुणी आलं की ह्याच मावशी 'शुद्ध गावरान' म्हणून अंडी विकतात, दुकानापेक्षा चढ्या दरानं. गिऱ्हाईकही शुद्ध म्हणूनच घेतं. आता ह्या परड्याएवढी भेसळ कुठल्या परड्यात सापडेल? चव चांगली असते हे मात्र खरं.

भेसळ तर त्याहून जुनी आहे. करडीचे पाय पिवळे आहेत. पाळीव कोंबडीचा मूळ पुरुष तांबडा रानकोंबडा, पण पिवळ्या कातड्याचा गुण त्याच्याकडून आलेला नाही, तो करड्या रानकोंबड्याकडून आला, असं २००८ मध्ये उजेडात आलं. हा करडा म्हणजे आपल्याच सह्याद्रीतला, राधानगरी-दाजीपूरच्या झाडीत पहाटे ओरडतो तो. जगातल्या यच्चयावत पिवळ्या पायांच्या कोंबड्यांनी त्याचं देणं अंगावर वागवायचं, आणि आमच्याकडं त्याची ओळख एवढीच की त्याचं मटण चिवट असतं. (हे ऐकीव. मारायला कायद्यानं बंदी आहे.)

माझं आजोळ त्याच बाजूचं, भोगावतीच्या काठाला. आज्जी अंडी उबवायला घालायची तो सोहळा असे. पाटीत राख, राखेवर भाताचं पिंजर, एका कडेला कोळसा आणि मोडक्या विळ्याचं पातं, ढगांच्या गडगडाटानं अंडी बिघडू नयेत म्हणून. खुडूक कोंबडी रात्रीच बसवायची. दिवस भरत आले की आज्जी घमेल्यात कोमट पाणी घ्यायची आणि एकेक अंडं अलगद त्यात सोडायची. आम्ही पोरं भोवती श्वास धरून. आधी अंडं नुसतंच तरंगायचं. मग पाणी निवळ स्थिर झालं की ते एकदम, आपलं आपण, डावीकडं झुकायचं. पुन्हा सरळ. पुन्हा झुकायचं. आत कुणीतरी कूस बदलायचं. जे हलत नसे ते आज्जी काही न बोलता बाजूला ठेवायची, आणि ते कुठं टाकलं हे आम्हाला कधी कळलं नाही.

नर-मादीचाही तिचा नियम होता. लांबट, टोकदार अंड्यात कोंबडा, गोल अंड्यात कोंबडी. घालताना ती गोल निवडून घालायची, तरी निम्मे कोंबडेच निघायचे. नियम तिनं कधी सोडला नाही. पण कोंबडा निघाला तर तिनं कोंबडीला कधी बोल लावला नाही, हेही खरं. गंमत अशी की लावला असता तर तो शास्त्राला धरून झाला असता. कोंबड्यांत नर की मादी हे आईच ठरवते. नराकडं द्यायला एकाच प्रकारचं गुणसूत्र, दोन तऱ्हेची असतात ती कोंबडीकडं.

माणसात नेमकं उलटं. ठरतं ते बापाकडून.

आणि आज्जीनं बोल लावला तो घरात, काकूला. काकूला पाठोपाठ तीन मुली झाल्या. तिसरीच्या वेळी आज्जी बाळंतिणीच्या खोलीत पाच दिवस गेली नाही. त्या दिवसांतही सकाळी उठून कोंबड्यांना कण्या ती स्वतः टाकत होती. हे एका घरचं नव्हतं. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली ८३९ होत्या. तोवर कोमट पाण्याचं घमेलं मागं पडलं होतं, सोनोग्राफी आली होती.

त्या संध्याकाळी काकूला फोन केला. ठिपक्याचं सांगितलं, कडकनाथाचं सांगितलं, त्याच ओघात कोंबडीचं आणि माणसाचं हे उलटसुलटही सांगून टाकलं. काकूनं सगळं ऐकून घेतलं.

"मला कशाला सांगतोस?" ती म्हणाली. "तवा आज्जीला सांगायचं हुतंस."