खुर्चीचा कट बसला एकदाचा

मंडळी, खुर्चीचा कट बसला! मी एक सीन एडिट करतोय, आणि मागच्या नोंदीत त्यातल्या ज्या कटाच्या (एक शॉट संपून दुसरा सुरू होतो त्या सांध्याच्या) नावाने बोटं मोडली होती, तोच. वाइडमध्ये (लांबून घेतलेल्या शॉटमध्ये) सीनमधली बाई खुर्चीतून उठायला लागते, मिडमध्ये (त्याहून जवळच्या शॉटमध्ये) उभी राहते. बाकीचा सीन केव्हाच मार्गी लागला होता. ओव्हर-द-शोल्डरची (एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याकडे बघणाऱ्या शॉटची) अदलाबदल, किल्लीचा इन्सर्ट (वस्तूचा जवळून घेतलेला शॉट), सगळं जागच्या जागी. हा एकच कट चपलेत खडा गेल्यासारखा टोचत होता.

कागदावर बघाल तर खोट काढायला जागा नाही. दोन्ही शॉट एकाच कॅमेऱ्यावरचे, सेकंदाला २५ फ्रेमचे. कोनात ३० अंशांपेक्षा जास्त फरक, ॲक्शन लाइनही (कॅमेरा जिच्या एकाच बाजूला ठेवायचा ती काल्पनिक रेषा) ओलांडलेली नाही. वाइडमध्ये तिची पाठ खुर्चीपासून सुटते ती फ्रेम धरली, मिडमध्ये नेमकी तीच स्थिती शोधली आणि तिथे कापलं. थांबवून बघितलं तर हात हाताच्या जागी, मान मानेच्या जागी. प्ले केलं की मात्र मधला काही भाग गाळून ती एकदम वर आल्यासारखी वाटायची.

पहिला संशय प्लेबॅकवर गेला. फुटेज एच.२६५ या दाबून लहान केलेल्या व्हिडिओ प्रकारातलं आहे. त्यात बहुतेक फ्रेम पूर्ण साठवलेल्या नसतात, आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच लिहिलेलं असतं, त्यामुळे टाइमलाइनवर पुढे-मागे करताना मशीनची दमछाक होते. डीएनएक्सएचआर एलबी या एडिटिंगला सोप्या प्रकारात प्रॉक्सी, म्हणजे कामापुरत्या प्रती, केल्या. फाइली फुगतात, फुगू देत. फ्रेम-फ्रेमचं काम प्रॉक्सीशिवाय करू नये या मतावर मी आता ठाम आहे. प्लेबॅक लोण्यासारखा झाला आणि उडी जशीच्या तशी.

मग रोल, म्हणजे दोन्ही शॉट जागेवर ठेवून मधला कटच पुढे-मागे सरकवणं. कट आधी घेतला, तिच्यात अजून हालचालच नाही तिथे, तर सीन मेला. उशिरा घेतला, ती जवळजवळ उभी राहिल्यावर, तर मिडला काही कामच उरलं नाही. मधे कुठेही ठेवला तरी उडी कटाबरोबर सरकत होती. खरी खूण हीच होती. रोलमध्ये कटाची जागा बदलते, पण दोन शॉटची आपसातली जुळणी तीच राहते. म्हणजे दोष जागेचा नव्हता. नेमकी जुळणीच नडत होती.

कारण डोळ्यात आहे. पडद्यावर नवं चित्र आलं की नजर नव्या जागी उडी घेते, आणि ती उडी सुरू व्हायलाच साधारण २०० मिलिसेकंद जातात. २५ फ्रेमच्या हिशोबाने एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे ५ फ्रेम. नजर चेहऱ्यावर पोचेपर्यंत हालचाल पुढे निघून गेलेली असते. फिल्म कापण्याच्या काळापासून यावर उपाय ठरलेला आहे : येणाऱ्या शॉटमध्ये हालचाल काही फ्रेम मागून सुरू करायची, थोडी पुनरावृत्ती होऊ द्यायची. रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या ट्रिम मोडमध्ये (शॉटची कड कमी-जास्त करायच्या सोयीत) येणाऱ्या शॉटचीच कड निवडली आणि स्वल्पविरामाची कळ दाबत गेलो, एका दाबाला एक फ्रेम. २ फ्रेमला उडी होतीच. ६ फ्रेमला बाई दोनदा उठते. ४ फ्रेमला कट गायब! थांबवून बघाल तर हात चक्क मागे गेलेला दिसतो, चालू चित्रात कोणाला कळणार नाही. माउसने कड ओढणाऱ्यांनी ही कळ एकदा वापरून बघाच.

चित्र सुटलं, आवाज अडला. ४ फ्रेम परत आल्या तशी खुर्ची सरकल्याची खरखरही परत आली, खर्र-खर्र अशी दोनदा. मिडमधली काढली, वाइडमधलीच कटाखालून पुढे चालू ठेवली. ती पसरट असते, थोडी पुढे-मागे झाली तरी खपते. पहिल्या पावलाचा आवाज मात्र मिडमधलाच ठेवला, कारण ठोका ४ फ्रेम आधी ऐकू आला की लगेच खुपतं. सगळ्याखाली रूम टोन (खोलीचा नुसता, शांततेतला आवाज) अंथरला, तेव्हा कुठे पंख्याची घरघर कटावर बदलायची थांबली. विकत घेतलेल्या आवाजांच्या संचात खुर्च्या भरपूर आहेत, पण सगळ्या मोठ्या हॉलमध्ये ओढल्यासारख्या घुमतात. पैसे वाया. स्वतःच्या खोलीत स्वतःची खुर्ची ओढून रेकॉर्ड करा.

हे लिहिता लिहिता एक सुचलं आणि उठून करून बघितलं. नजरेला उडीच मारावी लागली नाही तर? वाइडमध्ये तिचं डोकं डाव्या तृतीयांशात आहे, मिडमध्ये मधोमध. फुटेज ३८४० बाय २१६०, टाइमलाइन १९२० बाय १०८०, त्यामुळे दुपटीपर्यंत मोठं करून सरकवायला मुभा आहे. मिड सरकवून डोकं डावीकडे आणलं, आणि २ फ्रेमच्या पुनरावृत्तीत काम भागलं! पण ती डावीकडे बघते आहे, त्यामुळे नाक फ्रेमच्या कडेला टेकलं आणि लुक स्पेस (नजरेसमोरची मोकळी जागा) संपली. शेवटी अर्धंच सरकवलं आणि ३ फ्रेम ठेवल्या. तूर्त हेच लॉक. अंगठ्याएवढ्या पडद्यावर हा फरक दिसणार नाही असं म्हणणारे भेटतील, त्यांनी मोठ्या स्क्रीनवर बघावं.

पुढचा बेत मोंटाजचा (छोट्या छोट्या शॉटच्या मालिकेचा) होता, तो लांबणीवर. त्याआधी हाच सीन उलटा करायचा आहे : ती मिडमध्ये बसायला लागते आणि वाइडमध्ये टेकते. मोठ्या फ्रेममध्ये छोटा चेहरा शोधायला नजरेला जास्त वेळ लागेल, म्हणजे फ्रेमही जास्त लागतील असा माझा अंदाज. पण बसताना वजन खाली पडतं, तिथे पुनरावृत्ती लवकर उघडी पडेल अशीही धास्ती आहे. तुमच्यापैकी कोणी बसण्याचा कट लावला असेल, तर किती फ्रेम ठेवल्या ते सांगा.