सिमेंट उतरवल्यावर

दांडिया बाजार, वडोदरा

सोमवार
दुरुस्तीला काढलेल्या जुन्या घराच्या ओट्याकडच्या भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा छिन्नी-हातोडीने उतरवला. विजेचा ब्रेकर लावायचा नाही, त्याच्या हादऱ्याने जुने सांधे आतून खिळखिळे होतात. तरी काही जागी सिमेंटबरोबर विटेची कातडी निघालीच. आत वीट ओली, पाऊस थांबून दीड महिना झाला तरी! जमिनीतून चढणारी ओल पूर्वी चुन्याच्या गिलाव्यातून उडून जाई. सिमेंटने ती वाट बुजवली, म्हणून ओल आणखी वर गेली आणि सिमेंट संपतं तिथे, कमरेच्या वर, लोणा, म्हणजे मिठाचा पांढरा थर, फुटला. इथले कडिया, म्हणजे गवंडी, त्याला लूणो म्हणतात. तो कोरड्या ब्रशने झाडून सुपात गोळा करायचा. धुतला की मीठ परत विटेत.

मंगळवार
नव्या गिलाव्याला हात लावण्याआधी पाण्याचा बंदोबस्त. डांबरावर डांबर चढून रस्ता ओट्याच्या दोन पायऱ्या गिळून बसलाय, आणि पन्हळीचं पाणी थेट पायाशी पडतं. पाइपाने ते ३ फूट लांब नेलं.

बुधवार
घराच्या आतल्या चौकातल्या सागवानी खांबाला टोच्या मारून पाहिला. तळखड्यापासून, म्हणजे खांबाखालच्या दगडापासून, वीतभर भुसा, वर ठणठणीत. सुताराला अख्खा खांब बदलायचाय; का म्हणून? तुळईखाली दोन स्क्रू जॅक लावून फक्त भार घ्यायचा. २ मिलिमीटरपेक्षा जास्त उचललं तर वरच्या मजल्याच्या गिलाव्याला भेगा. कुजका भाग काढून जुन्याच सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडायचा. खांब ८ इंची, तर सांधा निदान २० इंच लांब, लाकडी खुंट्या ठोकून. नवा कच्चा साग वाळताना आकसतो आणि सांधा उघडा पडतो. तळखडा आणि लाकूड यांच्यामध्ये शिशाचा पत्रा, नाहीतर दगडातली ओल पुन्हा लाकडात जाणार.

शुक्रवार
कळीचा चुना, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे, पाण्यात सोडायचा. चुन्यावर पाणी ओतलं तर उसळतो, डोळ्याला धोका. चष्मा हवाच. आपला चुना पिंपात महिनाभर भिजलाय, वर चार बोटं पाणी ठेवून. चाळून घेतला. १ भाग चुना, १ सुरखी (विटेची भुकटी), २ धुतलेली वाळू, वर कापलेला ताग. सांधे इंचभर कोरून भिंत भिजवली, मग गिलाव्याचा थर. एका थराला १० ते १२ मिलिमीटर, त्याहून जाड झाला की तडकतो. उन्हाने भसकन वाळला तर बोटाला पीठ लागतं, म्हणून दहा दिवस ओली पोती. कडियाने 'पक्कं व्हावं म्हणून' चिमूटभर सिमेंट टाकायला घेतलं होतं. परातच बाजूला ठेवली.

रविवार
माजघरातला ऑइल पेंट सरसकट खरवडायचा नाही. आधी हातभर रुंद पट्टी, थराथराने. इथून जवळच्या तांबेकर वाड्यात १९व्या शतकातली भित्तिचित्रं आहेत; कुणाच्या रंगाखाली काय निघेल सांगता येत नाही. आपल्याकडे निघाला तो चुन्याचा निळसर रंग, तीन थर. तीच छटा करायची, पातळ, चार हातांत. पण ओट्याची भिंत अजून कमरेपर्यंत काळसर, म्हणजे ओली आहे, तेव्हा रंगाचं पिंप झाकून ठेवलंय.