मेणाचा कौल

पोलंडमध्ये २९ नोव्हेंबरच्या रात्री, म्हणजे संत अँड्र्यूच्या सणाच्या आदल्या रात्री, मेण वितळवून भविष्य पाहण्याची जुनी प्रथा आहे. तिला ‘आंजेयकी’ म्हणतात, आणि तिचा लिखित उल्लेख १५५७ सालापासून सापडतो. मुळात हा उपवर मुलींचा कारभार. वितळलेले मेण एखाद्या जुन्या, भल्यामोठ्या किल्लीच्या भोकातून थंड पाण्यात ओतायचे, गोठलेला तुकडा बाहेर काढून दिव्यासमोर धरायचा आणि भिंतीवर पडलेल्या सावलीत होणारा नवरा, निदान त्याचा धंदा तरी, शोधायचा. ज्यांना एवढा धीर नसेल त्या आपापल्या चपला एकामागे एक लावत दाराकडे नेतात. जिची चप्पल आधी उंबरठा ओलांडेल तिचे लग्न आधी. मुलग्यांसाठीही चार-पाच दिवस आधीची एक रात्र राखून ठेवलेली होती, पण ती मागे पडली. घाई कोणाला अधिक होती, की अधिक लावून दिली जात होती, हे यावरून ताडता यावे.

मला या विधीतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती सावली. मधमाश्यांचे मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते आणि पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे बुडत नाही. गार पाण्याला टेकताच ते जागच्या जागी थिजते, वरून गुळगुळीत आणि खालून खडबडीत, फोडाफोडांचे. असा तुकडा नुसता हातात घेतला तर तो मेणाचा तुकडाच दिसतो, आणि त्यात नवरदेव पाहायला फारच भाबडेपणा लागेल. सावली मात्र फिरवता येते. थोडे डावीकडे वळवले की घोडा, थोडे तिरके केले की जहाज, आणि तुकडा ज्याच्या हातात आहे त्याला समोरच्या मुलीच्या मनात काय आहे याची कल्पना असेल तर मनगट कुठे थांबवायचे हेही बरोबर कळते. कौल देणारे मेण नव्हे, मनगट.

इंग्लंडमध्ये पाण्याचीही गरज नव्हती. जळती मेणबत्तीच बोलत असे. वातीवर एखादी तेजस्वी ठिणगी दिसली की पत्र येणार, आणि ओघळलेले मेण एका बाजूला घडी पडल्यासारखे साचले की ते कफन, म्हणजे घरात मृत्यू. यामागचे कारण अगदी साधे आहे. ज्योतीकडे वर चढणारी हवा मेणबत्तीची कड गार ठेवते, त्यामुळे माथ्यावर वितळलेल्या मेणाची वाटी तयार होते. दाराच्या फटीतून झुळूक आली, की एका बाजूची कड खचते आणि वाटी सांडते. मायकेल फॅरडेने १८६० च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांना हे समजावून सांगितले होते, आणि नक्षीदार मेणबत्त्या दिसायला सुंदर पण जळायला वाईट का, हेही. ज्या घरात कोणी आजारी आहे त्या घरात रात्रभर दिवा जळणार आणि कोणीतरी सारखी ये-जा करणार. तेव्हा कफन नेमके तिथेच दिसावे, यात नवल नाही.

पण या शकुनांचा खरा अंत व्याख्यानांनी केला असेल असे मला वाटत नाही. १८२५ मध्ये कांबासेरेस नावाच्या फ्रेंच माणसाने वेणीसारखी विणलेली वात काढली. ही वात जळताना टोकाशी वाकते, ज्योतीच्या बाहेरच्या कडेला येते आणि तिथे तिची राख होऊन जाते. त्याआधी चरबीच्या मेणबत्तीची वात सारखी कातरावी लागे. ती वाढली की ज्योत धुराने काळवंडे, मेण भसाभसा ओघळे आणि शकुनांची रेलचेल होई. चांगली मेणबत्ती निमूटपणे संपून जाते. आजही मेणबत्तीचा जादूटोणा करणारे लोक ज्योत फडफडली, काजळी धरली, मेण डावीकडे वाहिले, असे अर्थ लावत असतात. माझी त्यांना एवढीच विनंती आहे की आधी पंखा बंद करून पाहावा. लोडशेडिंगच्या काळात उपड्या वाटीवर मेणबत्ती चिकटवून अभ्यास केलेल्या पिढीला डावीकडे वाहणाऱ्या मेणाचा अर्थ विचाराल, तर खिडकी उजवीकडे आहे, असे ती सांगेल.

आपल्याकडे मेणाचा व्यवहार चालतो तो मुंबईत वांद्र्याच्या मोतमाउलीला, म्हणजे माउंट मेरी चर्चला, आणि तो नेमका उलट्या दिशेचा आहे. दरवर्षी ८ सप्टेंबरच्या सुमारास जत्रा भरते, तेव्हा टेकडीवरच्या दुकानांत मेणाची घरे, बाळे, हात, पाय, विमाने मांडलेली असतात, आणि ती घेणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ असतात. इथे मेणाला काही विचारायचे नसते, त्याच्याकडून सांगायचे असते. गुडघा दुखत असेल तर पाय घ्यायचा, भाड्याच्या खोलीला कंटाळला असाल तर घर. मागणी आधीच साच्यात ओतलेली असल्यामुळे अर्थ लावणाऱ्या मध्यस्थाला काही कामच उरत नाही; परदेशी जाण्यासाठी घेतलेले मेणाचे विमान कोणत्याही बाजूने धरले तरी त्याची सावली नवरदेवासारखी पडण्याची भीती नाही.