देवगिरी किल्ला ८-बिटमध्ये बांधायचा तर

जुन्या टीव्ही गेमच्या कॅसेटमध्ये दौलताबादचा किल्ला बसवायचा, तर सुरुवात विटा मोजण्यापासून होते. निन्टेन्डोच्या ८-बिट यंत्रात वीट म्हणजे ८ × ८ ठिपक्यांची टाइल. ठिपक्याला २ बिट, म्हणजे टाइलला १६ बाइट. पार्श्वभूमीसाठी एका वेळी अशा २५६ टाइल हाताशी असतात. अक्षरं, आकडे, गुणांची पट्टी यातच बऱ्याच खर्ची पडतात. उरलेल्यांत तट, बुरूज, खंदक, झुडपं आणि चांद मिनार.

म्हणून एकच टाइल दोन कामांना लावायची. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळे. अख्खा खेळ ४० किलोबाइटचा! आपल्याकडे राखाडी दगड तटाला वापरावा आणि तोच निळा करून चिनी महालाला. हिमरूच्या शालीवर एकच बुट्टा रंग बदलून येतो, तसंच.

रंगातच पहिली चूक होते. रंगसंच एकेका टाइलला मिळत नाही, १६ × १६ ठिपक्यांच्या चौकोनाला मिळतो. म्हणजे चार टाइलना मिळून एक. संचही चारच, प्रत्येकात तीन रंग आणि मागचा एक रंग सगळ्यांचा सामाईक. खंदकाचं पाणी चौकोनाच्या मधूनच सुरू केलं की काठाचा दगडही हिरवा दिसतो. नकाशा चौकटीच्या वहीवर, दोन-दोन घरांचे गट धरूनच काढावा.

आता साठवण. एक स्क्रीन ३२ × ३० टाइलचा; प्रत्येक जागी टाइलचं चित्र नाही, एका बाइटचा क्रमांकच लिहायचा, म्हणजे ९६० बाइट. रंगांचे ६४ मिळवले की बरोबर १ किलोबाइट. द लेजंड ऑफ झेल्डाचा मोकळा मुलूख १६ × ८, म्हणजे १२८ स्क्रीनचा. असा सरळ साठवला असता तर १२८ किलोबाइट लागले असते, आणि १९८७ मध्ये अमेरिकेत आलेली त्याची कॅसेटच तेवढी होती! त्यांनी उभे पट्टे तयार केले आणि प्रत्येक स्क्रीनसाठी फक्त १६ पट्ट्यांचे क्रमांक लिहिले. झाडीचा, कड्याचा पट्टा जागोजाग परत येतो, तरी मुलूख सलग वाटतो.

डेव्हिड क्रेन यांनी १९८२ मध्ये पिटफॉल या आपल्या खेळात नकाशा साठवलाच नाही. एका बाइटवर ठरावीक उलथापालथ केली की पुढचा स्क्रीन, उलटी केली की मागचा. स्क्रीन २५५ का? बाइटमध्ये २५६ आकडे बसतात, पण त्यातला एक शून्य, आणि शून्यातून पुन्हा शून्यच निघतं. मला ही या कलेतली सर्वांत देखणी युक्ती वाटते. देवगिरीला मात्र ती चालणार नाही, कारण तिथं प्रत्येक अडसराची जागा मुद्दाम ठरवलेली आहे.

अडसर कसा मांडावा, ते १९८६ च्या मेट्रॉइडमध्ये पाहावं. खेळाडू सवयीनं उजवीकडे जातो आणि बुटक्या फटीपाशी अडतो. गोळा होऊन फटीत शिरायची शक्ती सुरुवातीच्या जागेच्या डावीकडे असते. मागंही जग आहे, हे त्याला कुणी न सांगता कळतं.

दौलताबादेत हेच दगडात केलंय: वळणावळणाचे दरवाजे, तासलेला कडा, खंदक, त्यावर एकच पूल आणि मग अंधारी, म्हणजे काळोखा भुयारी रस्ता. खेळात बारादरी, म्हणजे माथ्याजवळचा महाल, पहिल्या काही स्क्रीनमध्येच वर दिसू द्यावी, तिथं पोचणं शेवटी. अंधारीसाठी लागणारी मशाल हत्ती हौदापाशी, आडवाटेला. ती चुकून बारादरीत ठेवली तर किल्ली कुलपाच्या आत राहते आणि खेळ तिथंच संपतो. हे टाळायला नकाशा वरून खाली तपासावा: प्रत्येक अडसरापुढं त्याची किल्ली कुठं आहे ते लिहायचं, आणि ती अडसराच्या अलीकडेच सापडली पाहिजे.

अंधारीत वटवाघळं हवीतच. पण पडद्याच्या एका आडव्या रेषेवर आठच स्प्राइट, म्हणजे पार्श्वभूमीवर हलणारी छोटी चित्रं, उमटतात, नववा दिसतच नाही. एक आकृतीच दोन-चार स्प्राइटची असते. थवा एका रांगेत उडवला तर लुकलुकतो. वटवाघळं वरखाली उडवावीत आणि पहारेकरी वेगवेगळ्या पायऱ्यांवर उभे करावेत. पायऱ्यांत आकृतीच्या उंचीएवढं अंतर ठेवलं की त्यांच्या रेषा एकमेकींत येत नाहीत.