घड्याळाचे चार ठोके

बुधवार, रात्री

आज फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ पुन्हा काढला. घड्याळ मोजतं तो खरा काळ नव्हे, आपण आतून अखंड जगतो तो खरा, हे त्याचं म्हणणं. 1889 चा प्रबंध, त्याचं पहिलं महत्त्वाचं पुस्तक. त्यातला घड्याळाचा परिच्छेद मला फार आवडतो. तो लिहीत बसलाय, जवळच कुठेतरी घड्याळाचे ठोके पडताहेत, पण त्याचं लक्ष नाही. भानावर येतो तेव्हा काही ठोके पडून गेलेले असतात. मोजलेले तर नाहीत. मग तो कानात रेंगाळणाऱ्या ठशाकडे वळतो आणि मनातल्या मनात ठोके देऊन बघतो. एक, दोन, तीन. ठसा काही जुळत नाही. चौथ्याला जुळतो. म्हणजे ते चार आवाज आत एका सुरावटीसारखे मिसळून गेले होते, आकडा मागाहून आला. घड्याळाविरुद्ध साक्षीला घड्याळालाच उभं करायचं, ही त्याची चलाखी.

आणि हे कुठे, तर पॅरिसमध्ये! तिथे घड्याळ हा राष्ट्राभिमानाचा विषय होता. 1911 मध्ये फ्रान्सने अखेर इंग्लंडमधल्या ग्रिनिचची वेळ स्वीकारली, पण कायद्यात ग्रिनिचचं नाव येऊ दिलं नाही. पॅरिसची सरासरी वेळ, 9 मिनिटं 21 सेकंद मागे केलेली, असं लिहिलं. त्या सुमारास बर्गसाँ कोलेज द फ्रान्स या पॅरिसमधल्या नामांकित संस्थेत शिकवत होता आणि त्याच्या व्याख्यानांना बसायला जागा मिळत नसे. देशभरच्या घड्याळांचे काटे सरकारी हुकमाने मागे गेले, पण कुणाच्याही आयुष्यातली नऊ मिनिटं मागे गेली नाहीत. याहून सोपा पुरावा त्याला काय मिळणार होता?

1922 च्या एप्रिलमध्ये पॅरिसला काळावरून आइन्स्टाइनशी झालेल्या त्याच्या वादाबद्दल सगळेच लिहितात. तत्त्वज्ञांचा म्हणून काही वेगळा काळ नसतो, असं आइन्स्टाइनने सुनावलं. गणितात बर्गसाँ कच्चा पडला, हे मान्य. मला त्या वादात फारसा रस नाही.

माझा रस मिन्कोव्स्कीत. यूजेन मिन्कोव्स्की, जन्म पीटर्सबर्गचा, पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात डॉक्टर, नंतर पॅरिसमध्ये मनोविकारतज्ज्ञ. बर्गसाँचा विचार त्याने रुग्णाच्या खाटेपाशी नेला. साठी उलटलेल्या एका रुग्णाबरोबर तो दोन महिने राहिला. त्या माणसाची खात्री होती की आज रात्री आपल्याला देहदंड होणार. रात्र जायची, काही व्हायचं नाही. सकाळी मिन्कोव्स्की त्याला समजवायचा: काल झालं नाही, परवा झालं नाही. त्याला घटकाभर पटायचंही. पण पुन्हा तेच, आज रात्री नक्की. त्याचे सरलेले दिवस एकमेकांना जोडलेच जात नव्हते. रोज कोरी पाटी आणि तीच शिक्षा.

मिन्कोव्स्कीचा खरा प्रश्न पुढे आहे. भ्रम झाला म्हणून उद्या नाहीसा झाला, की उद्या नाहीसा झाला म्हणून भ्रम झाला? त्याने दुसरी बाजू घेतली. आधी पुढे जाण्याची ओढ आटते, समोर भिंत येते. मग मन त्या भिंतीला काहीतरी नाव देतं, फाशी म्हणतं. 1933 च्या त्याच्या पुस्तकाचा विषयच जगलेला काळ.

हे वाचताना बाबा आठवणारच होते. पक्षाघातानंतर त्यांची स्मरणशक्ती शाबूत होती. 1972 च्या दुष्काळातल्या खडीच्या कामाबद्दल ते तासभर बोलायचे. बर्गसाँच्या हिशेबाने भूतकाळ भरलेला, म्हणजे माणूस भरलेला. पण त्यांनी ‘उद्या’ म्हणणं सोडलं होतं. नातवाच्या दहावीच्या वेळी मात्र दोन-तीन दिवस सारखं विचारत राहिले, ‘निकाल कधी रे?’ निकाल लागला, पेढा खाल्ला आणि विचारणं थांबलं. भ्रम वगैरे काही नव्हता. तरीही त्यांच्या खोलीतली दुपार संपता संपत नसे, आणि ती त्यांना लांबलेली वाटायची की थिजलेली, हे मी कधी विचारलं नाही.

आता साखरेकडे. 1907 च्या पुस्तकात बर्गसाँ म्हणतो, साखरेचं पाणी हवं असेल तर साखर विरघळेपर्यंत मला थांबावंच लागतं. या थांबण्यात, या अधीरपणात त्याला खरा काळ सापडतो. पण गृहस्थाला ते पाणी प्यायचंय! प्यायचंच नसेल तर साखर विरघळेल, पण वाट कुणी पाहणार नाही. इच्छा त्याने न बोलता गृहीत धरली. त्याच्याकडे भूतकाळाची श्रीमंती एवढी होती की पुढचा काळ आपोआप उगवत राहील, अशी त्याला खात्री असावी. मिन्कोव्स्कीच्या रुग्णाने ती खात्री काढून घेतली, असं मला वाटतं.

गास्ताँ बाशलार हा दुसरा फ्रेंच तत्त्वज्ञ आणखी पुढे जातो. बर्गसाँचं जवळजवळ सगळं मान्य, फक्त अखंडपणा तेवढा नाही, असं त्याचं म्हणणं. त्याच्या मते काळ सुटा सुटा येतो, जोडणी आपण करतो, आणि तीही दरवेळी नव्याने. हे खरं धरलं तर त्या रुग्णात बिघाड काळाचा नव्हता, जोडणाऱ्या हाताचा होता. मिन्कोव्स्कीला हे मान्य झालं नसतं. मी अजून त्याच्याच बाजूने आहे, पण बाशलारचं 1936 चं पुस्तक वाचून होईपर्यंतच तसं म्हणतो.